खोडातला भुंगेरा उलटा करून बघा: ‘झायलोसँड्रस’ ओळखायचा कसा

डाळिंबाच्या खोडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली की आमच्या साक्री-पिंपळनेर पट्ट्यात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, ‘शॉट होल बोरर’. नाव खोटं नाही, पण ते भोकाचं नाव आहे, किड्याचं नाही. तसंच भोक पाडणारे भुंगेरे निरनिराळ्या प्रजातींचे असतात. कोणी निरोगी फांदीत शिरतो, कोणी फक्त दमलेल्या झाडावर येतो, तर कोणी झाड मेल्यावरच लाकडात घर करतो. या तिघांना एकाच नावानं हाक मारली की उपायही एकच होतो, आणि तो बहुतेकदा वाया जातो.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात आमच्या बागेतली अकरा झाडं वाळली. आबांनी एक फांदी तोडून माझ्यापुढं धरली आणि विचारलं, “हाऊ कोनता किडा शे?” मी प्राणिशास्त्र शिकलेलो, तरी मला सांगता आलं नाही. तीन ठिकाणी विचारलं, तीन वेगळी नावं मिळाली. कोणीही भुंगेरा भिंगाखाली धरला नव्हता, सगळ्यांनी भोक पाहूनच नाव सांगितलं होतं. पुढची दोन वर्षं मी हे काम शिकण्यात घातली, त्यात बऱ्याच चुका केल्या. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

या लेखात एकच प्रजाती धरली आहे, झायलोसँड्रस. कारण सोपं आहे. या गटात जी प्रजाती शरीराच्या खुणांवरून साध्या उपकरणांनी ओळखता येते, ती ही. हिची खूण एकदा डोळ्यात बसली की बाकीचे भुंगेरे बाजूला काढणं सोपं जातं.

शब्दांचा घोळ आधीच मिटवू. जीवशास्त्राच्या मराठीत ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांत अनेकदा उलटं छापतात. इथं झायलोसँड्रस ही प्रजाती, आणि तिच्यातल्या क्रॅसिअस्क्युलस, कॉम्पॅक्टस या जाती.

## आधी थोडी ओळख

दिसत नसलं तरी हे भुंगेरे सोंड्याच्याच कुळातले आहेत, फक्त यांना सोंड नाही. झायलोसँड्रस लाकूड खात नाही. मादी खोडात बोगदा पोखरते आणि त्याच्या भिंतींवर बुरशीची शेती करते. तीच बुरशी ती स्वतः खाते आणि अळ्याही तीच खातात. म्हणून या गटाला ‘ॲम्ब्रोसिया भुंगेरे’ म्हणतात. बुरशीचं बियाणं ती अंगातल्या एका पिशवीत घेऊन उडते. ही पिशवी पुढं ओळखीसाठी कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

नर फार थोडे असतात. ते लहान असतात, त्यांना उडता येत नाही आणि सहसा ते बोगद्याबाहेर येत नाहीत. ओळखीच्या सगळ्या खुणा मादीच्या आहेत. बोगदा फोडताना एखादा खुजा, फिकट, वेगळ्याच अंगलटीचा भुंगेरा सापडला तर तो वेगळ्या जातीचा समजून गोंधळू नका. तो बहुधा नर असतो. त्याला त्याच्या बहिणींबरोबर एकाच कुपीत ठेवा.

## लागणारं सामान

- १० पट आणि २० पट मोठं दाखवणारी हातातली भिंगं. फक्त १० पटीवर हे काम होत नाही.
- स्टिरिओ मायक्रोस्कोप, निदान ४० पट. विकत घ्यायची गरज नाही. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र किंवा कीटकशास्त्र विभागात विनंती केली तर तासभर बसू देतात.
- रंगकामाचा सगळ्यात बारीक ब्रश, दोन शिवणकामाच्या सुया (काडीत खोचलेल्या), टोकदार चिमटा.
- झाकणाच्या छोट्या काचेच्या कुप्या आणि अल्कोहोल. ७० टक्के चालतं. डीएनए तपासणीची शक्यता असेल तर ९५ टक्क्यांच्या वरचं हवं.
- १ मिमी चौकटींचा ग्राफ पेपर.
- पेन्सिल आणि जाड कागद. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या पहिल्या हंगामातल्या निम्म्या चिठ्ठ्या अशाच कोऱ्या झाल्या.
- पांढरी स्टीलची किंवा चिनी मातीची बशी, ट्रेसिंग पेपरचा तुकडा, टॉर्च.

## १. भुंगेरा मिळवा, नुसतं भोक नको

भोकाच्या फोटोवरून प्रजाती सांगता येत नाही. कोणी सांगत असेल तर ऐकून घ्या, पण त्या भरवशावर औषध आणू नका.

कधी कधी भोकातून बाहेर आलेली भुशाची बारीक कांडी दिसते, दातकोरणीसारखी किंवा वाळलेल्या शेवईसारखी, तीन-चार सेंटीमीटरपर्यंत लांब. क्रॅसिअस्क्युलस जातीची ही प्रसिद्ध सवय आहे. पण अशा कांड्या इतरही ॲम्ब्रोसिया भुंगेरे काढतात, आणि वारा किंवा पाऊस आला की त्या मोडून पडतात. कांडी दिसली तर झाड ताजं लागलेलं आहे एवढंच समजा. नाव भुंगेरा हातात आल्यावर ठरवा.

मिळवण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला, फांदी फोडणे. ताजं भोक असलेली फांदी हातभर कापून घ्या आणि भोकाच्या बाजूनं कोयत्याची पाचर देऊन उभी फोडा. आडवी कापली तर भुंगेराही कापला जातो. बोगद्याच्या भिंती काळपट किंवा पांढुरक्या बुरशीनं माखलेल्या दिसतात. ओल्या ब्रशानं भुंगेरे उचला. चिमटा वापरू नका, पाय तुटतात, आणि पुढं सगळा खेळ पुढच्या पायांच्या बुंध्याचाच आहे.

दुसरा, बाटलीचा सापळा. एक लिटरची प्लास्टिक बाटली घ्या. मधल्या भागाला दोन-तीन खिडक्या कापा, तळाला साबणाचं पाणी घाला, वरच्या भागात अल्कोहोलची छोटी कुपी टांगा. पाण्यात मुळं गुदमरली किंवा झाड दुसऱ्या कशानं खचलं की त्याच्या खोडातून इथेनॉल सुटतं, आणि झायलोसँड्रसच्या माद्या त्याच वासावर येतात. बाटली हेच काम करते. इथेनॉलवर बनवलेलं सॅनिटायझर जेल सगळ्यात सोयीचं. लेबल वाचून घ्या, कारण बरीचशी सॅनिटायझर आयसोप्रोपिलची असतात आणि आपल्याला हवं ते इथेनॉल. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा पातळ स्पिरिट दुपारपर्यंत उडून जातं, जेल टिकतं. बाटली कमरेच्या खाली टांगा. उंच टांगलेल्या बाटलीत हे भुंगेरे कमी सापडतात.

सापळ्यात आलेला भुंगेरा तुमच्या झाडातलाच असेल असं नाही, शेजारच्या वाळक्या बाभळीतलाही असू शकतो. म्हणून सापळा आणि फांदी दोन्हीचे नमुने ठेवा, पण वेगळ्या कुप्यांत.

## २. धुवा आणि वाळवा

बोगद्यातून काढलेल्या भुंगेऱ्यावर भुसा, बुरशी, चीक असं सगळं चिकटलेलं असतं. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब कोमट पाण्यात टाका, भुंगेरा त्यात दहा मिनिटं ठेवा, मग ब्रशानं पाठीवरून मागच्या दिशेनं हलकेच फिरवा. पाठीच्या मधोमध, जिथं छातीचं कवच संपून पंख सुरू होतात, तिथं मात्र ब्रश लावू नका. का, ते सहाव्या पायरीत येईल.

आता वाळवा. हे मी नीट केलं नाही म्हणून मला एका पूर्ण हंगामाचं काम पुन्हा करावं लागलं. अल्कोहोलमध्ये ओला असलेला कुठलाही भुंगेरा चकाकतो. चमक आणि मळकटपणा यातला फरक फक्त कोरड्या नमुन्यावर दिसतो, आणि जाती ओळखताना तोच फरक लागतो. टिश्यूवर ठेवा, पाच-दहा मिनिटं थांबा.

टॉर्चचा उजेड थेट टाकू नका. ट्रेसिंग पेपर मधे धरला की प्रकाश पसरतो आणि पृष्ठभागावरचे दाणे, खड्डे, केस स्पष्ट उठून दिसतात.

## ३. हा मुळात या कुटुंबातला आहे का?

शेतकरी मला जे नमुने आणून देतात त्यातले पुष्कळ झायलोसँड्रसच्या आसपासचेही नसतात. म्हणून आधी ही चाळणी लावा.

मिशी बघा. आपल्या गटात मिशी कोपरासारखी मोडलेली असते. आधी एक लांब दांडी, मग छोट्या मण्यांची माळ, शेवटी एक घट्ट, चपटी गाठ. मिशी सरळ असेल आणि टोकाची तीन पेरं एका बाजूला कंगव्यासारखी फाकलेली असतील तर तो सायनॉक्सिलॉन, वेगळ्याच कुटुंबातला. वाळलेल्या डाळिंबाच्या आणि बाभळीच्या फांद्यांत आमच्याकडं तो फार सापडतो. त्याच्या पंखांच्या मागच्या उतारावर दोन काटे असतात आणि तो अंगानं बराच मोठा असतो. त्याची भोकं पिठासारख्या भुशानं भरलेली असतात. झाड मेल्यानंतर आलेल्या या पाहुण्यावर झाड मारल्याचा आळ येतो, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

भुंगेरा लांबच लांब नळीसारखा असेल, डोकं छातीएवढंच रुंद असून वरून स्पष्ट दिसत असेल, आणि पावलाचं पहिलं पेर बाकी सगळ्या पेरांच्या बेरजेएवढं लांब असेल, तर तो प्लॅटिपस मंडळींपैकी. तोही बाजूला ठेवा.

आपल्या भुंगेऱ्याचं डोकं वरून जवळजवळ दिसतच नाही. छातीवरचं कवच टोपीसारखं पुढं येऊन डोकं झाकतं.

## ४. वरून बघा: बांधा आणि ‘खवणी’

छातीवरच्या कवचाला प्रोनोटम म्हणतात, कडक वरच्या पंखांना इलिट्रा. हे दोन शब्द पाठ करा, कारण कुठलीही माहिती वाचायला घेतली की तेच येतात.

प्रोनोटमचा पुढचा अर्धा भाग खवणीसारखा खरबरीत असतो, मागचा त्यामानानं गुळगुळीत. पुढच्या कडेवर बारीक दातांची रांग दिसते. लाकूड पोखरताना भुंगेरा या खवणीनं बोगद्याला टेकण देतो.

झायलोसँड्रसचा बांधा आखूड आणि गुबगुबीत. ग्राफ पेपरवर ठेवून लांबी-रुंदी मोजा. लांबी रुंदीच्या दुपटीहून थोडीच जास्त भरते. त्याचा नातेवाईक झायलेबोरस सडसडीत असतो, त्याची लांबी रुंदीच्या अडीच ते तीन पट जाते. लांबी मोजताना प्रोनोटमच्या पुढच्या कडेपासून पंखांच्या टोकापर्यंत मोजा, डोकं धरू नका.

इलिट्रा मागं जाऊन खाली वळतात, तो उतार झायलोसँड्रसमध्ये तीव्र असतो. बाजूनं बघा. तोरणमाळचा घाट जसा एकदम खाली उतरतो तसा. झायलेबोरसचा उतार बहुतेक वेळा सावकाश असतो.

बांधा आणि उतार यावरून नाव पक्कं करू नका. यानं फक्त संशय येतो. आणि रंग तर मुळीच धरू नका. बोगद्यातून नुकता निघालेला भुंगेरा फिकट पिवळसर असतो, मग तांबूस, मग गडद होतो. एकाच बोगद्यात मला तीन रंगांचे भुंगेरे मिळाले आहेत, सगळे एकाच मादीची लेकरं.

## ५. उलटा करा

खरी खूण पोटाकडच्या बाजूला आहे. मी पहिल्या वर्षी सगळे नमुने कार्डावर पोट खाली करून चिकटवले होते. दिसायला सुंदर, ओळखायला निरुपयोगी. चाळीसच्या वर भुंगेरे कोमट पाण्यात भिजवून पुन्हा सोडवावे लागले, आणि त्यात सहा-सातांचे पाय गेले.

बघायचं आहे ते पुढच्या दोन पायांच्या बुंध्याकडं. प्रत्येक पाय जिथं छातीला जोडलेला असतो तिथं एक गोल, चकचकीत गोळा असतो, त्याला कॉक्सा म्हणतात. पुढच्या पायांचे असे दोन कॉक्सा असतात.

झायलेबोरसमध्ये, युवॅलेसियामध्ये (ही प्रजाती आठव्या पायरीत येईल) आणि त्यांच्या इतर बहुतेक भाऊबंदांत हे दोन गोळे एकमेकांना चिकटून असतात, बाजरीचे दोन दाणे शेजारी ठेवावेत तसे. मधे जागाच नसते.

झायलोसँड्रसमध्ये ते दूर असतात. मधे छातीच्या कवचाची पट्टी आलेली असते, दोन वाफ्यांमधे बांध असावा तशी. ही पट्टी रुंद असते, तिच्यासाठी डोळे ताणावे लागत नाहीत. ‘आहे की नाही, असेल बहुतेक’ असं वाटत असेल तर ती नाही असंच धरा आणि दुसरा नमुना घ्या.

बघण्याची पद्धत अशी. बशीत जरासा ओला केलेला कापसाचा तुकडा ठेवा आणि त्यावर भुंगेरा पाठीवर झोपवा, म्हणजे तो लोळत नाही. पुढचे पाय छातीवर घडी घातलेले असतात, ते सुईच्या टोकानं बाजूला करा. नमुना ताजा असेल तर पाय सहज वळतात. वाळून कडक झाला असेल तर जबरदस्ती करू नका, तासभर कोमट पाण्यात ठेवा आणि मग वळवा. डोकं खाली मुडपलेलं असेल तर तेही सुईनं थोडं पुढं ढकला, नाहीतर त्याच्या आडोशानं गोळ्यांची पुढची बाजू झाकते. मग उजेड एका बाजूनं, तिरपा टाका. गोळे चमकतात, मधली पट्टी त्यामानानं मंद दिसते, आणि दोन्हींतला फरक लगेच कळतो.

मधल्या पायांचे कॉक्सा सगळ्याच प्रजातींत दूर असतात. नवशिके हमखास तिकडं बघून ‘दूर आहेत’ अशी नोंद करतात. आधी डोकं शोधा, डोक्याला लागून असलेली पहिली जोडी धरा. मोबाईलनं फोटो काढत असाल तर फोटोवर डोक्याकडची बाजू खूण करून ठेवा. नंतर स्क्रीनवर मोठा करून बघताना पुढचं-मागचं समजत नाही.

हातातल्या २० पट भिंगाखाली सव्वादोन-अडीच मिमीच्या भुंगेऱ्यात हे मला सरावानं दिसायला लागलं. दीड मिमीच्या भुंगेऱ्यासाठी मायक्रोस्कोपच लागतो, तिथं भिंगाच्या भरवशावर नाव लिहू नका.

## ६. पाठीवरचा केसांचा पुंजका

आता पुन्हा सुलटा करा. प्रोनोटम जिथं संपतो आणि इलिट्रा जिथं सुरू होतात त्या सांध्याच्या अगदी मधोमध बघा. तिथं आखूड, दाट केसांचा एक पुंजका दिसतो, जुन्या ब्रशाचं टोक दिसावं तसा. त्याच्याखाली बुरशीची पिशवी असते. हा पुंजका म्हणजे त्या पिशवीच्या तोंडाची खूण. म्हणूनच तिथं ब्रश घासू नका म्हटलं.

क्रॅसिअस्क्युलसच्या पिशवीतल्या बुरशीला २०१४ मध्ये ॲम्ब्रोसिएला रोपेरी हे नाव मिळालं. कॉम्पॅक्टसची ॲम्ब्रोसिएला झायलेबोरी. म्हणजे भुंगेऱ्याची ओळख पटली की त्यानं सोबत कोणती बुरशी आणली असेल याचाही अंदाज लागतो.

पण पुंजका एकटा पुरत नाही. ॲनिसँड्रस नावाच्या प्रजातीतही असाच पुंजका असतो, मात्र तिचे पुढचे कॉक्सा चिकटलेले असतात. उलट, म्हाताऱ्या मादीचा पुंजका बोगद्यात घासून झिजतो, म्हणजे न दिसला तरी नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. पुंजका आहे आणि कॉक्सा दूर आहेत, ही जोडी जुळली की झायलोसँड्रस लिहायला हरकत नाही.

## ७. मिशीची गाठ

ही पायरी मायक्रोस्कोप असेल तरच करा. मिशीच्या मधल्या माळेत पाच मणी असतात, आणि टोकाची गाठ कुऱ्हाडीनं तिरपी छाटल्यासारखी दिसते. युवॅलेसियाची गाठ तुलनेनं चपटी असते. मणी मोजायला मिशी आडवी आणि सपाट पडलेली हवी, तिरकी असेल तर चार किंवा सहा मोजले जातात.

## ८. ज्यांच्यामुळं घोळ होतो ते

युवॅलेसिया. आमच्या डाळिंबवाल्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा. भारतात डाळिंबावर शॉट होल बोरर म्हणून ज्याची नोंद होते तो फॉर्निकॅटस याच प्रजातीतला आहे, जुन्या कागदपत्रांत तो ‘झायलेबोरस फॉर्निकॅटस’ या नावानं सापडेल. कॉक्सा चिकटलेले, पाठीवर पुंजका नाही, कारण याची बुरशीची पिशवी तोंडाजवळ असते. आइखहॉफ या कीटकशास्त्रज्ञानं १८६८ मध्ये वर्णन केलेल्या या एका नावाखाली प्रत्यक्षात एकमेकांशी हुबेहूब मिळणाऱ्या अनेक जाती आहेत हे डीएनएमुळं कळलं, आणि २०१८-१९ मध्ये त्यांच्या नावांची पुन्हा मांडणी झाली. नुसतं बघून त्यातली नेमकी जाती सांगायचा प्रयत्न करू नका, प्रजातीवर थांबा.

झायलेबोरस. सडसडीत, कॉक्सा चिकटलेले, पुंजका नाही.

झायलेबोरायनस. लहान आणि बारीक. दोन पंखांच्या मुळाशी मधोमध जे छोटं त्रिकोणी कवच असतं ते यात इवलंसं, शंकूसारखं असतं आणि त्याच्याभोवती केस असतात. या केसांना झायलोसँड्रसचा पुंजका समजण्याची चूक होते. फरक जागेचा आहे. झायलोसँड्रसमध्ये केस प्रोनोटमच्या मागच्या कडेला असतात, इथं ते पंखांच्या मुळाशी. शंका आली की उलटा करा, यात कॉक्सा चिकटलेले दिसतील.

हायपोथेनेमस. दोन मिमीहून लहान. पंखांवर ओळीनं चपटे, खवल्यासारखे केस. कॉम्पॅक्टसचा आकार एवढाच असल्यानं भिंगाखाली दोघं सारखेच वाटतात. कॉम्पॅक्टसचे केस बारीक आणि टोकदार असतात, चपटे नसतात.

## ९. जमलं तर जातीपर्यंत

झायलोसँड्रस ही प्रजाती राइटर या कीटकशास्त्रज्ञानं १९१३ मध्ये मांडली. तिच्यात अनेक जाती आहेत, इथं दोनच सांगतो.

क्रॅसिअस्क्युलस: मादी २.१ ते २.९ मिमी, तांबूस-तपकिरी. खरी खूण पंखांच्या मागच्या उतारावर आहे. पंखांचा वरचा भाग चमकतो, पण उतार सुरू झाला की चमक जाते आणि बारीक दाण्यांनी भरलेला मळकट पृष्ठभाग दिसतो. कोरडा नमुना, पसरलेला उजेड, मग बघा, रव्यानं माखल्यासारखा दिसतो. ही आशियातलीच जाती. १९७४ मध्ये ती अमेरिकेत साउथ कॅरोलिनात सापडली आणि तिथल्या बागांना उपद्रव देऊ लागली, म्हणून तिचे चांगले फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत. तुलनेसाठी घ्या, फक्त फोटोतला नमुना कोरडा आहे की ओला ते बघून घ्या.

कॉम्पॅक्टस: मादी १.४ ते १.९ मिमी, काळी किंवा गडद तपकिरी, उतारही चमकदार. कॉफीच्या बागांत ही कुप्रसिद्ध आहे. बारीक, जिवंत डहाळ्यांत शिरते, भोक एक मिमीहूनही लहान असतं आणि त्याच्या पुढची डहाळी वाळते.

दोघींच्या सवयींत मोठा फरक आहे, आणि शेतकऱ्याच्या कामाचं तेच. क्रॅसिअस्क्युलस खचलेल्या झाडावर येते. आमच्या त्या अकरा झाडांपैकी नऊ झाडं काळ्या जमिनीच्या सखल कोपऱ्यात होती, जिथं पावसाळ्यात पाणी आठ-आठ दिवस साचून राहायचं. फांदीतला भुंगेरा उलटा केला, दोन गोळ्यांमधली पट्टी दिसली, उतार मळकट होता. आबांनी त्या कोपऱ्यात चर खणला. खोडावर औषध लावायचंच असेल तर आधी कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवा, पण पाणी साचत असेल तर चर पहिला.

## १०. नोंद आणि पाठवणी

नमुन्याबरोबर चिठ्ठी नसेल तर त्याचा कोणालाच उपयोग नाही. पेन्सिलीनं लिहा: गाव, तालुका, जिल्हा, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या झाडातून (सापळ्यातून असेल तर तसं), फांदीची जाडी, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी कुपीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी अल्कोहोल लागलं की सुटते.

कोरडा नमुना ठेवायचा असेल तर जाड कागदाचा टोकदार त्रिकोण कापा, त्याच्या टोकाला पाण्यात विरघळणाऱ्या पांढऱ्या गोंदाचा कण लावा आणि भुंगेऱ्याच्या छातीच्या उजव्या बाजूला चिकटवा. पाठ, पोट आणि डावी बाजू मोकळी राहते. गोंद पोटाखाली पसरू देऊ नका.

तुमची ओळख तज्ज्ञाकडून तपासून घ्या. पहिल्या दहा-वीस नमुन्यांना तर नक्कीच. धुळ्याचं कृषी महाविद्यालय, नंदुरबार जिल्ह्यात कोळद्याचं आणि जळगाव जिल्ह्यात पालचं कृषी विज्ञान केंद्र ही जवळची दारं. पुढं जायचं असेल तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आणि बेंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो. पाठवण्याआधी फोन किंवा ईमेल करून विचारा, न सांगता पाकीट टाकू नका.

पाठवताना जिवंत भुंगेरे किंवा लागलेली फांदी कधीही पाठवू नका. एक मादी बुरशीसकट निसटली तरी नव्या ठिकाणी घर करू शकते. मेलेले, अल्कोहोलमधले, एका ठिकाणचे निदान पाच-सहा नमुने एका कुपीत ठेवा. एखाद्याचे पाय तुटलेले असले तरी दुसऱ्याचे शाबूत असतात. कुपी काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा राहिला तर प्रवासात तो मागं-पुढं होऊन नमुने आपटतात आणि पाय मोडतात. वर कापसाचा बोळा द्या, झाकणावर चिकटपट्टी फिरवा. आणि सगळेच पाठवू नका, दोन-तीन घरी ठेवा, म्हणजे उत्तर आल्यावर त्यांनी सांगितलेली खूण आपल्या नमुन्यावर पुन्हा शोधता येते.

फोडून झालेल्या फांद्या बांधावर टाकून ठेवू नका. माझ्या पहिल्या ढिगाऱ्यातून महिनाभर भुंगेरे निघत होते. त्याच संध्याकाळी जाळून टाका.